दहा, नऊ, आठ… आणि चंद्रावरची बाई

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

या महिन्यात चार पत्रं एकाच वाटेने आली. कुणी सिनेमाबद्दल विचारलंय, कुणी कार्टूनबद्दल, कुणी मालिकांबद्दल. पण सगळ्यांच्या मनात शंका तीच, की या करमणुकीचा आणि खऱ्याखुऱ्या अवकाशप्रवासाचा काही संबंध आहे का. मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. वर्गात असे प्रश्न आले की "तास संपल्यावर विचार" म्हणून सुटका करून घ्यायचे. आता तास संपलाच आहे, त्यामुळे सबब उरलेली नाही.

चांद्रयान-३ चं उड्डाण टीव्हीवर पाहताना सात वर्षांच्या नातीने विचारलं, "आजोबा, हे आकडे उलटे का मोजतात?" मी म्हटलं, शास्त्रज्ञांचं काहीतरी शास्त्र असेल. जावई म्हणाला, हे एका जुन्या सिनेमातून आलंय. जावयाला थापा मारायची सवय आहे, म्हणून विचारतो. — एक आजोबा, विटा

या खेपेला जावयांची माफी मागा. त्यांचं बरोबर आहे.

१५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये 'फ्राउ इम मोंड' हा चित्रपट लागला. नावाचा अर्थ 'चंद्रावरची बाई'. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, लेखिका त्यांच्या पत्नी थेआ फोन हार्बू. चित्रपट मूक. म्हणजे रॉकेट उडताना ना स्फोटाचा आवाज, ना हुकूम देणारा कुणी. लोकांनी श्वास रोखून धरावा असा प्रसंग घ्यायचा, आणि तोही मुक्याने. लांग यांनी पुढे सांगितलं होतं, की एक, दोन, तीन असं मोजत गेलो असतो तर कुठल्या आकड्याला रॉकेट सुटणार हे प्रेक्षकाला कळलंच नसतं. दहापासून खाली आलो की शेवट कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही समजतं. म्हणून त्यांनी पडद्यावर पाट्या दाखवल्या : अजून इतके सेकंद, अजून इतके, आणि सगळ्यात शेवटी एकच शब्द, 'जेत्स्ट'. आता!

नातीला समजवायचं तर लपाछपी घ्या. राज्य आलेला शंभरपर्यंत सरळच मोजतो, पण तिथे शंभराची बोली आधी झालेली असते. बोली झालेली नसेल आणि तरीही सगळ्यांना एकाच क्षणी तयार ठेवायचं असेल, तर उलटंच मोजावं लागतं.

गंमत अशी, की प्रेक्षकांसाठी काढलेली ही युक्ती अभियंत्यांना कामाची निघाली. तुम्ही टीव्हीवर शेवटचे दहा आकडे ऐकता. चांद्रयान-३ ची उलटी मोजणी साडेपंचवीस तास चालली होती. इतक्या तासांत इंधन भरायचं, झडपा तपासायच्या, दाब पाहायचे, आणि प्रत्येक कामाला शून्यापासून मागे मोजून ठरवलेली वेळ. कुठे बिनसलं तर घड्याळ थांबवायचं. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं घड्याळ उड्डाणाला ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना थांबवलं होतं, आठवतं? आमच्या सोसायटीतले निम्मे लोक जागे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे चेहरे लग्न मोडल्यासारखे. यान गेलं २२ जुलैला. सरळ मोजणी असती तर "आपण सध्या किती वाजता आहोत" याचाच घोळ झाला असता.

पण मला त्या चित्रपटातला खरा जीव लावणारा माणूस वेगळाच वाटतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे, कारण तो शाळामास्तर होता. हेर्मान ओबेर्थ. ट्रान्सिल्व्हानियात, म्हणजे आजच्या रोमानियात, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. लहानपणी त्याने ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची १८६५ ची कादंबरी इतक्या वेळा वाचली की जवळजवळ पाठ झाली. त्या कादंबरीत फ्लोरिडात जमिनीत उभी तोफ पुरून तिच्यातून माणसांसकट गोळा चंद्राकडे झाडतात. पोराने गणित मांडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आतली माणसं चंद्रावर पोचायच्या आधी, तोफेतच, संपतील.

हे गणित मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना घालायचे. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे साधारण २७० मीटर. बाहेर पडताना वेग सेकंदाला ११ किलोमीटर. त्वरण काढा. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले अंतर. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या बावीस हजार पटींहून जास्त. साठ किलोचा माणूस त्या क्षणापुरता तेराशे टनांचा होतो. फळ्यावर उत्तर आलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "बाई, चटणी!" त्या आवाजासाठीच मी ते गणित ठेवलं होतं.

ओबेर्थला ती चटणी लहानपणीच दिसली, आणि मग तोफ नको तर काय हवं, या प्रश्नाने तो रॉकेटपाशी आला. हायडेलबर्गच्या विद्यापीठाने त्याचा प्रबंध नाकारला. त्याने १९२३ मध्ये तो स्वतःच पुस्तकरूपाने काढला. आणि सहा वर्षांनी कोण आलं त्याच्याकडे? सिनेमावाले. चित्रपटाचा शास्त्रीय सल्लागार म्हणून त्याला बर्लिनला बोलावलं, वर जाहिरातीसाठी खरंखुरं रॉकेट बांधून पहिल्या खेळाच्या सुमारास उडवायचं असं ठरलं. मास्तरला हातात हत्यार धरायची सवय नाही. प्रयोगात स्फोट झाला, डोळ्याला इजा झाली, रॉकेट काही वेळेत झालं नाही. चित्रपट मात्र ठरल्या दिवशी लागला.

तरी पडद्यावर त्याचं डोकं दिसतंच. रॉकेट उभ्याउभ्या कारखान्यातून बाहेर आणणं, त्याचे टप्प्याटप्प्याने सुटे होणारे भाग, धक्का सोसायला प्रवाशांनी आडवं पडणं, वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीवर पट्टे. सगळं १९२९ मध्ये! आता त्याच चित्रपटात चंद्रावर हवाही आहे आणि सोनंही आहे, पण धंदा करायचा तर थोडं सोनं लागतं.

सिनेमासाठी जमवलेलं ते सामान वाया गेलं नाही. बर्लिनमधल्या हौशी रॉकेटमंडळींनी ते घेतलं. जुलै १९३० मध्ये ओबेर्थचं छोटं इंजिन सरकारी प्रयोगशाळेत दीड मिनिट व्यवस्थित जळलं, तेव्हा मदतीला एक अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. नाव वर्नर फॉन ब्राऊन. त्याचं पुढचं दुसऱ्या पत्राच्या उत्तरात येईल. इथे एवढंच सांगते, की ३ ऑक्टोबर १९४२ ला त्याच्या हाताखाली तयार झालेलं जे रॉकेट पहिल्यांदा नीट उडालं, त्याच्या अंगावर चंद्रकोरीवर बसलेली एक बाई रंगवलेली होती. तीच ती, सिनेमातली. फरक इतकाच की ते रॉकेट चंद्रावर जायचं नव्हतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ नावाचं जर्मन क्षेपणास्त्र म्हणून ते लंडनवर आणि अँटवर्पवर पडलं.

नातीला हा शेवटचा परिच्छेद आत्ताच सांगू नका.

मुलाने मोबाइलवर रील दाखवलं : म्हणे डिस्नेचं कार्टून बघून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अवकाशमोहीम सुरू केली. मी तीस वर्षं सीएनसी मशीनवर आहे. चित्रं काढून जॉब होत नाही, रॉकेट कसं होईल? — एक वाचक, चाकण

तुमचं म्हणणं पटतं, पण जॉब मशीनवर चढायच्या आधी ऑर्डर यावी लागते. चित्रांचं काम ऑर्डर आणण्याचं होतं.

युद्ध संपल्यावर फॉन ब्राऊन आणि त्याची माणसं अमेरिकी लष्कराच्या हाती लागली. त्याचं मन ग्रहांवर, हाताला काम क्षेपणास्त्रांचं. त्या काळी अमेरिकेत चंद्राचं नाव काढलं तर लोक हसायचे. गॅलप या लोकांची मतं अजमावणाऱ्या संस्थेच्या १९४९ च्या पाहणीत, पन्नास वर्षांत माणूस चंद्रावर जाईल असं म्हणणारे शंभरात पंधरा. अशा लोकांच्या करातून पैसा मागायचा कसा?

१९५१ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात एक परिसंवाद झाला. भरवणारा विली ले, तोही बर्लिनच्या त्या जुन्या रॉकेटमंडळींतलाच. त्याचा धागा पकडून 'कॉलिअर्स' या घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकाने २२ मार्च १९५२ पासून अवकाशप्रवासावर लेखमाला काढली. ती दोन वर्षं चालली. लेख फॉन ब्राऊन, ले वगैरेंचे, आणि चित्रं चेस्ली बोनस्टेल यांची. हा माणूस शिकलेला वास्तुशास्त्र, आणि हॉलिवूडसाठी पडद्यामागची दृश्यं रंगवणारा. त्याने काढलेलं चाकासारखं अवकाशस्थानक पृथ्वीवर तरंगताना पाहिलं, की तुमच्यासारख्या कारागिराला पहिला प्रश्न पडेल, "याचे जोड कुठे दिलेत?" मला वाटतं हेच त्या चित्रांचं यश. माणूस 'असं होईल का' हे विसरून 'हे कसं केलं असेल' यावर येतो.

आता डिस्ने. वॉल्ट डिस्ने यांना कॅलिफोर्नियात 'डिस्नेलँड' ही करमणुकीची बाग बांधायची होती आणि पैसे कमी पडत होते. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पैसे घातले, बदल्यात डिस्नेने दर आठवड्याला कार्यक्रम द्यायचा. बागेचे चार भाग, म्हणून कार्यक्रमाचेही चार प्रकार. आणि 'टुमॉरोलँड' म्हणजे उद्याच्या जगाच्या नावाने दाखवायला कुणाकडे काही नव्हतंच. वॉर्ड किंबॉल नावाच्या त्यांच्या कार्टूनकाराने 'कॉलिअर्स'चे अंक वाचले होते. त्याने ती माणसं बोलावली.

९ मार्च १९५५ ला 'मॅन इन स्पेस' लागला. तो आज पाहिलात तर हसाल आणि मग गप्प व्हाल. ले रॉकेटचा इतिहास सांगतात. हाइन्झ हाबर नावाचे अवकाशवैद्यक सांगतात की वजन गेल्यावर शरीराचं काय होतं, आणि तिथे एक बिचारा कार्टूनमधला माणूस हवेत कोलांट्या खातो. मग फॉन ब्राऊन येतो, मॉडेल हातात घेतो आणि जर्मन हेल काढत सांगतो, की आज नीट पाठबळ मिळालं तर दहा वर्षांत प्रवासी नेणारं रॉकेट तयार होईल. स्पुटनिक, म्हणजे रशियाचा आणि जगातलाही पहिला उपग्रह, उडायला अजून अडीच वर्षं होती. तो कार्यक्रम कोट्यवधी लोकांनी दिवाणखान्यात बसून पाहिला. त्याच वर्षी गॅलपने विचारलं तेव्हा पंधराचे अडतीस झाले होते. सगळं श्रेय डिस्नेचं नाही, साप्ताहिकं, सिनेमे, सकाळच्या खाऊच्या खोक्यांवरची रॉकेटं, सगळ्यांचंच आहे.

तुमच्या मुलाच्या रीलमधली गोष्ट अशी सांगतात : राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यक्रमाची फिल्म मागवून सेनाधिकाऱ्यांना दाखवली, आणि चारच महिन्यांनी, २९ जुलै १९५५ ला, अमेरिका उपग्रह सोडणार असं जाहीर झालं. तारखा जुळतात. पण तारखा जुळल्या म्हणून कारण जुळत नाही, हे मी नववीच्या प्रयोगवहीत लाल शाईने लिहून लिहून थकले. तो उपग्रह आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायच्या उपक्रमासाठी होता. आणि खरी कळ वेगळीच होती. रशियावर वरून नजर ठेवायची तर आधी कुणाच्याही डोक्यावरून उपग्रह नेता येतो हे जगाच्या गळी उतरवायला हवं. त्यासाठी पहिला उपग्रह निरुपद्रवी, विज्ञानाचा असलेला बरा. हा विचार मे १९५५ मध्येच सरकारदरबारी ठरला होता. त्यात कार्टून कुठेच नाही.

म्हणजे अध्यक्षांना कार्टूनने हलवलं असं मी म्हणणार नाही. लोकांना मात्र हलवलं. आणि या सगळ्यात मला जे ठळक दिसतं ते असं, की बोलावणं करमणूकवाल्यांकडून आलं, पण रॉकेटवाल्यांनाही करमणुकीची तितकीच गरज होती. ओबेर्थला प्रयोगाला पैसे हवे होते, म्हणून तो सिनेमाच्या स्टुडिओत गेला. फॉन ब्राऊनला देश मागे उभा करायचा होता, म्हणून तो कार्टूनच्या स्टुडिओत गेला. लग्नाची मध्यस्थी करणाऱ्या मावशा असतात ना, मुलाचा पगार थोडा वाढवून सांगणाऱ्या, तसं होतं हे.

आणि मावशा काही गोष्टी सांगत नाहीत, तसंच इथेही. डिस्नेच्या पडद्यावर व्ही-२ म्हणजे प्रगतीची पायरी. ती क्षेपणास्त्रं जमिनीखालच्या बोगद्यांत कैद्यांकडून बनवून घेतली होती. मिटेलबाऊ-डोरा हे त्या छावणीचं नाव. तिथे सुमारे साठ हजार कैदी होते, त्यांतले जवळपास वीस हजार मेले. फॉन ब्राऊनला हे ठाऊक होतं, तो त्या कारखान्यात गेलेला होता. मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना त्याचं नाव आदराने सांगितलं, हे सांगताना मला आज बरं वाटत नाही.

उत्साहाचंही एक सांगून संपवते. तो टिकत नाही. १३ एप्रिल १९७० च्या संध्याकाळी अपोलो-१३ मधल्या अंतराळवीरांनी यानातून थेट प्रक्षेपण केलं, ते अमेरिकेतल्या एकाही मोठ्या वाहिनीने दाखवलं नाही. चंद्र जुना झाला होता, माणूस तिथे उतरल्यापासून नऊ महिन्यांत! थोड्याच वेळाने यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, आणि मग सगळ्या वाहिन्या हजर.

बाई, मी आठवीत आहे. मला अंतराळवीर व्हायचंय. मी अवकाशाच्या खूप मालिका बघते. आई म्हणते मालिका बघून कुणी आकाशात गेलं नाही. — तुमची एक वाचक, रत्नागिरी

बाळा, आईला सांग की बाईंनी तुझी बाजू अर्धीच घेतली आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली. (आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, तुझ्या आईला विचार, आठवत असेल.) तिच्यात उहुरा नावाची अधिकारी होती. काम निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केलं होतं. त्या काळी अमेरिकेच्या टीव्हीवर कृष्णवर्णीय बाई म्हणजे बहुतेक वेळा मोलकरीण. इथे ती यानाच्या मुख्य कक्षात बसून हुकूम पोचवते. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडायला निघाली होती. एका समारंभात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, सोडू नका, तुम्ही तिथे बसलेल्या आहात हे लोकांना दिसलं पाहिजे. हा प्रसंग तिनेच पुढे अनेकदा सांगितला आहे.

मालिका तीन वर्षांत बंद पडली. पण १९७७ मध्ये नासाला स्पेस शटलसाठी नवे अंतराळवीर हवे होते आणि स्त्रिया, कृष्णवर्णीय लोक अर्जच करत नव्हते. 'आपल्याला कोण घेतंय' असं वाटून. नासाने कुणाला गाठलं? निशेलला. ती गावोगावी, विद्यापीठांत फिरली आणि अर्ज करा म्हणाली. आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये पस्तीस जण निवडले, त्यांत सहा बायका. त्यांतली सॅली राइड १९८३ मध्ये अवकाशात जाणारी पहिली अमेरिकी स्त्री ठरली. आणि १९९२ मध्ये मे जेमिसन गेली, पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ती लहानपणी उहुराला बघत मोठी झाली होती. पुढे ती 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत एका भागात स्वतः कामही करून आली.

आता आईची अर्धी बाजू. सॅली राइडकडे भौतिकशास्त्राची डॉक्टरेट होती. मे जेमिसन रासायनिक अभियंता आणि डॉक्टर, दोन्ही. आणि रॉबर्ट गोडार्ड नावाच्या मुलाचं ऐक. सतरा वर्षांचा असताना, १९ ऑक्टोबर १८९९ ला, तो घरामागच्या चेरीच्या झाडावर फांद्या छाटायला चढला. डोक्यात एच. जी. वेल्स यांची मंगळावरून पृथ्वीवर होणाऱ्या स्वारीची कादंबरी. वर बसल्या बसल्या त्याला वाटलं, मंगळापर्यंत जाणारं यंत्र बनवता आलं तर? ती तारीख त्याने आयुष्यभर सणासारखी पाळली. त्याचं द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट १६ मार्च १९२६ ला उडालं. अडीच सेकंद. उंची ४१ फूट, म्हणजे तुमच्या तिकडच्या एखाद्या बऱ्या माडाइतकीही नाही. मध्ये गेली होती सव्वीस वर्षं.

तुझं त्रिकोणमितीचं काय चाललंय ते पुढच्या पत्रात कळव.

१९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरला तेव्हा तुम्ही कुठे होतात? तिकडच्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं, आपल्या लोकांनी काय पाहिलं? — एक वाचक, बेळगाव

मी साताऱ्यात होते, बारा वर्षांची, सातवीत.

आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे सोमवार, २१ जुलैची सकाळ होती, ८ वाजून २६ मिनिटं. म्हणजे तिकडच्या रात्रीच्या टीव्हीची गोष्ट आपल्याकडे डबा भरायच्या वेळेची. महाराष्ट्रात दूरदर्शनच आलं ते १९७२ च्या २ ऑक्टोबरला, मुंबईत. आमच्याकडे रेडिओ होता, त्यावर वडील कान लावून बसलेले आणि आजी पोळ्या लाटता लाटता विचारत होती, "आला का परत?" तिला उतरण्याशी देणंघेणं नव्हतं, माणूस घरी परत येतो की नाही एवढंच. चित्रं पाहिली ती वर्तमानपत्रात, आणि नंतर थिएटरात मुख्य चित्रपटाआधीच्या वार्तापटात. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिघे अंतराळवीर मुंबईत येऊन गेले. माझा काका गर्दीत होता. त्याने त्यांच्यातल्या एकाचा हात पाहिला असं तो मरेपर्यंत सांगत होता. कुणाचा हात, ते दरवेळी बदलायचं.

मराठीत या वेडाला कागदावर जागा मिळाली ती थोडी पुढे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उघड झालं की हे जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलेलं, परीक्षकांवर दबाव नको म्हणून. इथेही उलटी मोजणीच म्हणा.

पण तुम्ही विचारलंत की आपण काय पाहिलं. आम्ही गणपतीचा देखावा पाहिला.

आमच्या पेठेतल्या मंडळाने त्या वर्षी चंद्र केला होता. बांबूच्या कामट्या, त्यावर पोती, पोत्यांवर चुना आणि बंबातली राख. खड्डे पाडायला हलवायाच्या कढया उपड्या दाबल्या होत्या. मध्ये सोनेरी कागद चिकटवलेलं चार पायांचं यान. आजीचा मात्र ठाम विरोध. गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नाही, उगाच चोरीचा आळ येतो. आणि या पोरांनी चंद्रच मांडवात आणून ठेवलाय! ती चतुर्थीला गेली नाही, आम्हालाही जाऊ दिलं नाही. ऋषिपंचमी झाल्यावर, आता चालेल म्हणून, आम्ही सगळे गेलो.

आर्मस्ट्राँग म्हणजे कापूस भरलेला पांढरा पायजमा-सदरा. डोक्याला वाण्याच्या दुकानातली गोळ्यांची काचेची बरणी उलटी बसवलेली, आत एक छोटा दिवा. त्याला सुतळी बांधून ती विहिरीच्या कप्पीवरून मागे नेली होती, आणि मागे एक मुलगा ती हळूहळू सोडायचा. बाजूला अकरावीतला एक पोरगा माइक घेऊन. तो भारदस्त आवाजात सुरू करायचा : "दहा… नऊ… आठ…" शून्याला पाय राखेला टेकायचे, दिवे उघडझाप करायचे आणि टाळ्या.

उड्डाणाची मोजणी त्याने उतरायला लावली होती. पुढे शिक्षिका झाल्यावर मी हा किस्सा वर्गात चूक म्हणून सांगायचे. मग एकदा त्या उतरण्याच्या वेळच्या संभाषणाची नोंद वाचनात आली. यान खाली येत असताना ह्यूस्टनहून खरोखरच मोजत होते, साठ सेकंद, तीस सेकंद, इंधन संपायला उरलेला वेळ. त्यानंतर मी तो किस्सा चूक म्हणून सांगणं सोडलं.

आम्ही गेलो त्या रात्री चारावर सुतळी अडकली. आर्मस्ट्राँग मध्येच लोंबकळत, स्वतःभोवती सावकाश फिरत राहिला. बरणीतला दिवा चालूच. माइकवरच्या पोराने "चार" म्हटलं, थांबला, पुन्हा "चार" म्हटलं. मागून ओढाओढीचा आवाज. पन्नासएक माणसं मांडवात उभी, कुणी हसलं नाही. आजी माझा हात घट्ट धरून वर बघत होती. मग पोराने घसा साफ केला आणि पुन्हा दहापासून सुरुवात केली.